पुनरुत्थानाची आशा आणि न सरणारा शनिवार

उंबरठा (धागाकर्ता)

माझा धाकटा भाऊ गेला त्याला आता आठ महिने झाले. त्याच्या दफनविधीत योहानाच्या शुभवर्तमानातील ‘पुनरुत्थान व जीवन मीच आहे’ हे वचन वाचले गेले. लहानपणापासून पाठ असलेले ते वाक्य त्या दिवशी कोणीतरी दूरवर, दुसऱ्याच कुटुंबासाठी वाचत असल्यासारखे माझ्या कानावर आले. त्यानंतर भेटायला आलेल्या बहुतेकांनी मला आपापल्या शब्दांत एकच गोष्ट सांगितली : तो प्रभूजवळ आहे, पुढे आपली भेट होणारच आहे, मग एवढे रडायचे कशासाठी? त्यांच्या प्रेमाविषयी मला शंका नाही. तरीही आमच्या विश्वासातील सर्वांत मोठी गोष्ट माझे तोंड बंद करण्यासाठी वापरली जात आहे, असे मला प्रत्येक वेळी वाटत राहिले.

म्हणून गेल्या काही आठवड्यांत मी येशूचे जीवन सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांचे शेवटचे अध्याय, भाष्यग्रंथ बाजूला ठेवून, सलग वाचले. पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी की, येशू मेलेल्यांतून उठला तो प्रत्यक्ष पुनरुत्थानाचा क्षण चारांपैकी एकानेही वर्णिलेला नाही. आपल्याला दिसते ती बाजूला लोटलेली धोंड, रिकामी जागा, पडलेली तागाची वस्त्रे आणि घाबरलेली माणसे. दुसरी गोष्ट अशी की, त्या माणसांपैकी कोणीही आशा घेऊन कबरेकडे गेलेले नव्हते. स्त्रिया सुगंधी द्रव्ये घेऊन निघाल्या होत्या, म्हणजे त्या एका प्रेताकडे निघाल्या होत्या, आणि वाटेत त्यांना एकच काळजी होती की धोंड कोण लोटून देईल. त्यांनी परत येऊन जे सांगितले ते प्रेषितांना वायफळ बडबड वाटले, असे लूक स्पष्टपणे लिहितो. अम्माऊस गावाच्या वाटेवरचे दोघे शिष्य ‘आमची आशा होती’ असे म्हणतात. क्रियापद भूतकाळी आहे. मत्तयाच्या शेवटच्या प्रसंगात उठलेला प्रभू समोर उभा असतानाही काहींना संशय आलाच. मार्काचे शुभवर्तमान तर चौथ्या शतकातील दोन जुन्या हस्तलिखितांत, व्हॅटिकन आणि सिनाय प्रतींत, सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीवरच थांबते : स्त्रिया कबरेपासून पळाल्या आणि भीतीपोटी कोणाला काही बोलल्या नाहीत. पुढच्या ओव्या नंतर कोणीतरी जोडल्या. त्या लिहिणाऱ्याला ते मौन सोसवले नसावे, आणि मला त्याचा मुळीच राग येत नाही.

शुक्रवारचा वधस्तंभावरचा मृत्यू आणि रविवारचे पुनरुत्थान यांच्या मधल्या दिवसाविषयी मात्र जवळजवळ काहीच सांगितलेले नाही. मत्तय कबरेवर बसवलेल्या पहाऱ्याची हकीकत देतो आणि लूक एका वाक्यात म्हणतो की, स्त्रियांनी आज्ञेप्रमाणे शब्बाथ दिवशी विसावा घेतला. बस, एवढेच. मला वाटते की मी सध्या त्या शनिवारात राहतो. फरक एवढाच की, उद्या काय होणार हे त्या स्त्रियांना ठाऊक नव्हते आणि मला ते ठाऊक आहे, निदान मी तसे म्हणत आलो आहे. नेमके तेच माझे कोडे आहे. ज्याला रविवार ठाऊक आहे त्याने शनिवार कसा काढावा? शोक केला तर विश्वास उणा ठरतो, आणि शोक आवरला तर भावाशी अप्रामाणिकपणा होतो, अशा कात्रीत मी सापडलो आहे. ज्यांनी यावर विचार केला आहे, किंवा जे यातून गेले आहेत, त्यांनी लिहावे. वाद घालणाऱ्यांचेही स्वागत आहे. सांत्वनापेक्षा वाद मला सध्या अधिक मानवतो.

सायंतारा

उंबरठा, आपल्या भावाच्या दफनविधीत जे वचन वाचले गेले, त्याच अध्यायात दहा ओव्यांनंतर ‘येशू रडला’ हे वाक्य आहे. तो कोणत्या क्षणी रडला हे पाहण्यासारखे आहे. मेलेल्या मित्राला, लाजराला, उठवायचे हे त्याने आधीच ठरवलेले होते. शिष्यांना तसे सूचितही केले होते. म्हणजे ज्याला रविवार पूर्णपणे ठाऊक होता, तो कबरेच्या वाटेवर, सुटका काही मिनिटांवर असताना, रडला. पुनरुत्थान ठाऊक असणाऱ्याने रडू नये असा नियम असता, तर तो पहिल्यांदा त्यानेच मोडला असे म्हणावे लागेल.

लोक ज्या वचनाच्या आधारे शोक आवरायला सांगतात ते बहुधा थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रातील चौथ्या अध्यायाचे असते. हे पत्र साधारण इ.स. ५० च्या सुमारास लिहिले गेले आणि प्रेषित पौलाच्या उपलब्ध पत्रांत ते बहुतेक अभ्यासकांच्या मते सर्वांत जुने आहे. तिथे पौल ‘ज्यांना आशा नाही अशा इतरांसारखा खेद करू नये’ असे म्हणतो. वाक्य अर्ध्यावर तोडले की ‘खेद करू नये’ एवढेच उरते, आणि आपल्याकडे ते बहुतेक वेळा अर्ध्यावरच तोडले जाते. पौलाने खेदाचा एक प्रकार नाकारला आहे. खेद नाकारलेला नाही.

या संदर्भात मला चौथ्या शतकातील एक भावंडांची जोडी नेहमी आठवते. निसाचा ग्रेगरी हा मोठा धर्मपंडित, पण थोरला भाऊ बेसिल वारल्यावर तो पार खचला आणि दुःख वाटून घ्यावे म्हणून बहिणीकडे, मॅक्रीनाकडे, गेला. हे इ.स. ३७९ मधले. तिथे पोहोचल्यावर त्याला दिसले की बहीण स्वतःच मरणशय्येवर आहे. त्या भेटीवर त्याने पुढे आत्मा व पुनरुत्थान या विषयावरचा संवाद लिहिला. त्याच्या आरंभी तो सांगतो की, कसलेला स्वार उधळलेल्या घोड्याला थोडे अंतर धावू देतो आणि मग लगाम खेचतो, तसे तिने त्याला आधी मनसोक्त शोक करू दिला आणि मग बोलायला सुरुवात केली. पुढे संपूर्ण संवादात शंका ग्रेगरी काढतो आणि उत्तरे ती मरू घातलेली बाई देते. एका धर्माध्यक्षाने स्वतःला शंकेखोराच्या जागी बसवून लिहिले, हे मला फार मोलाचे वाटते.

धर्मसुधारक मार्टिन लूथरची मुलगी माग्दालेना १५४२ साली तेराव्या वर्षी वारली. त्याने त्यानंतर आपल्या एका मित्राला लिहिले की, ती सुटली याबद्दल आम्ही उभयतांनी आभारच मानायला हवेत, पण मायेचा जोर एवढा आहे की हुंदक्यांवाचून ते आम्हाला साधत नाही. त्या माणसाने पुनरुत्थानावर आयुष्यभर उपदेश केले होते. आपण ज्याला कात्री म्हणता तिच्यात तोही सापडला होता, आणि त्याने दोन्ही पाती तशीच उघडी ठेवली.

कोरा_कागद

मी श्रद्धावान नाही. धागाकर्त्याने वादाचे स्वागत केले आहे म्हणूनच लिहितो, अन्यथा अशा ठिकाणी गप्प राहणे मला सभ्यपणाचे वाटले असते.

माझा प्रश्न साधा आहे. मरण असह्य असते, म्हणून माणसे मरणानंतरच्या कथा रचतात. हे सर्वत्र आणि सर्व काळी झालेले आहे. पुनरुत्थानाची कथा या नियमाला अपवाद का मानावी? शोकाकुल माणसांना मृताचे दर्शन घडते, त्याचा आवाज ऐकू येतो, हेही सर्वपरिचित आहे. आपला गुरू गमावलेल्या, भेदरलेल्या अनुयायांच्या एका गटाला असे अनुभव आले आणि त्यांतून पुढे सिद्धान्त उभा राहिला, एवढे स्पष्टीकरण पुरेसे का नसावे? आणि ते पुरेसे असेल, तर जी आशा मुळात शोकातूनच निर्माण झाली ती शोकावरचा उपाय कशी होईल?

वल्हे

कोरा_कागद यांचा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही हातचे न राखता देण्याचा प्रयत्न करतो. येशू मेलेल्यांतून उठला हे इतिहासाच्या साधनांनी सिद्ध करता येते असे मी म्हणणार नाही. इतिहासकार फार तर एवढे म्हणू शकतो की, काही माणसांची तशी खात्री पटली होती, ती फार लवकर पटली होती आणि त्या खात्रीने त्यांचे आयुष्य बदलले. करिंथकरांस पहिले पत्र इ.स. ५५ च्या आसपासचे आहे. त्याच्या पंधराव्या अध्यायात पौल केफा (म्हणजे पेत्र), बारा जण, पाचशेहून अधिक बंधू, याकोब अशी साक्षीदारांची यादी देतो आणि हे मलाही कोणीतरी सांगितलेले आहे असे नमूद करतो. गलतीकरांस पत्रात तो सांगतो की, आपल्या परिवर्तनानंतर तीन वर्षांनी तो केफाकडे पंधरा दिवस राहिला होता. म्हणजे ही यादी पिढ्यान्‌पिढ्या घोळवलेल्या दंतकथेची नाही. मात्र तिच्यात कबरेपाशी गेलेल्या स्त्रियांची नावे नाहीत, हेही सांगितले पाहिजे. स्त्रियांच्या साक्षीला त्या काळी न्यायात फारसे वजन नव्हते. तरीही चारही शुभवर्तमानांनी त्यांनाच पहिले साक्षीदार केले आहे. कथा कोणी सोयीने रचली असती तर ती अशी रचली असती का, हा प्रश्न उरतो. प्रश्नच उरतो, पुरावा नव्हे.

दर्शनांचा मुद्दा मला खरोखर विचारात घेण्यासारखा वाटतो, पण तो एका ठिकाणी अडतो. त्या काळच्या यहुदी माणसाला मृत गुरूचे दर्शन झाले असते तर तो ‘त्याचा आत्मा देवाजवळ आहे’ असे म्हणाला असता, किंवा ‘त्याचा दूत दिसला’ असे म्हणाला असता. त्यासाठी शब्द उपलब्ध होते. ‘पुनरुत्थान’ हा शब्द मात्र त्या अर्थी उपलब्ध नव्हता. परूशी या यहुदी पंथाचे लोक ज्या पुनरुत्थानाची वाट पाहत होते ते युगाच्या शेवटी, सर्वांचे, एकाच वेळी होणारे होते, आणि सदूकी हा दुसरा पंथ तर ते मानतच नव्हता. लाजराची बहीण मार्था हिचे उत्तर पाहा : शेवटल्या दिवशी तो उठेल हे मला ठाऊक आहे. इतिहास चालू असताना मधेच एकट्या माणसाचे पुनरुत्थान व्हावे, अशी अपेक्षा कोणीच केलेली नव्हती. म्हणूनच पौलाला ‘प्रथमफळ’ ही शेतातली उपमा शोधावी लागली. पहिली पेंढी हातात आली, याचा अर्थ कापणीला सुरुवात झाली आहे आणि उरलेले पीक शेतात उभे आहे.

‘सांत्वनासाठी रचलेली कथा’ या शब्दांवर मला आणखी एक हरकत घ्यायची आहे. पुनरुत्थानाची कल्पना इस्राएलात ठळक झाली ती म्हातारपणी सुखाने मरणाऱ्यांच्या घरी झाली नाही. अँटिओकस चौथा या सेल्युसिद राजाने केलेल्या छळाच्या काळात, ख्रिस्तपूर्व १६७ च्या आसपास, जे लोक धर्मासाठी मारले गेले त्यांच्या संदर्भात ती ठळक झाली. मक्काबी लोकांच्या दुसऱ्या ग्रंथातील सात भाऊ छळ करणाऱ्याच्या तोंडावर सांगतात की, देव आम्हाला हे अवयव परत देईल. दानीएलाच्या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात काही जण सार्वकालिक जीवनासाठी उठतील आणि काही अप्रतिष्ठेसाठी, असे म्हटले आहे. यामागचा प्रश्न ‘मला माझे माणूस पुन्हा भेटेल का’ असा नव्हता. ‘ज्याला अन्यायाने मारले त्याचा खटला कायमचा बंद झाला का’ असा होता. सांत्वनाची गरज असणाऱ्याला यापेक्षा सोपी कथा सहज मिळाली असती.

कोरा_कागद

खटल्याचा मुद्दा मला नवा आहे आणि तो मला पटला नाही तरी समजला. जगात निरपराध माणसे मारली जातात आणि मारणारे अंथरुणात शांतपणे मरतात, ही गोष्ट माझ्याही पचनी पडत नाही. माझी अडचण अशी की, एखादी गोष्ट व्हायला हवी यावरून ती होईल असे ठरत नाही. तरी यापुढे मी ‘सांत्वन’ हा शब्द जपून वापरीन.

तिसरा_प्रहर

एवढ्या ग्रंथचर्चेची आवश्यकता नाही, असे मला नम्रपणे वाटते. विश्वास दृढ असेल तर दुःख टिकत नाही. धागाकर्त्याने अधिक प्रार्थना करावी. आठ महिने हा काळ पुष्कळ झाला.

सायंतारा

तिसरा_प्रहर, असे वाक्य कोणाही शोकाकुल माणसाला सांगण्यापूर्वी अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र एकदा वाचावे, अशी माझी विनंती आहे. बहुतेक विलापस्तोत्रांत शेवटी कुठेतरी वळण येते आणि कवी देवाची स्तुती करू लागतो. या स्तोत्रात ते येत नाही. शेवटचा शब्द अंधाराचाच आहे. ते लिहिणारा रात्रंदिवस प्रार्थना करीत होता, हे त्याच स्तोत्रात लिहिलेले आहे. ज्यांनी पवित्र शास्त्राचा संग्रह केला त्यांनी ते गाळले नाही किंवा त्याला एखादी आनंदी ओवी जोडली नाही. आठ महिने पुष्कळ झाले की थोडे झाले, हे ठरवण्याचा अधिकार ना माझा, ना आपला.

पाणपोई

थोडक्यात लिहिते. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत निजला तेव्हा दूताने त्याला आधी भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खाऊ घातले. देवाचे बोलणे त्यानंतर खूप दिवसांनी आले. उंबरठा, झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर कृपया डॉक्टरांना भेटा. तसे करण्याने विश्वासाला बाधा येत नाही. मी स्वतः भेटले होते आणि औषधेही घेतली होती, आणि तरीही प्रत्येक रविवारी उपासनेला बसत होते, बहुतेक वेळा शेवटच्या बाकावर.

उंबरठा

पाणपोई, आभारी आहे. झोपेविषयी मी डॉक्टरांशी बोललो आहे; उपचार सुरू आहेत.

सायंतारा यांनी सांगितलेला लगामाचा दृष्टान्त दोन दिवस मनात घोळतो आहे. मला धावू देणारे फारसे कोणी भेटले नाही, हे खरे. पण मीही कोणासमोर धावलो नाही, हेही तितकेच खरे. वल्हे यांच्या लेखनातील खटल्याच्या मुद्द्याबाबत एक प्रांजळ कबुली देतो. माझा भाऊ कोणाच्या अन्यायाने मेला नाही. तो आजाराने गेला. त्याच्या बाजूने फिर्याद करावी असा प्रतिवादी मला सापडत नाही. मग ती आशा त्याला कशी लागू पडते?

वल्हे

हा प्रश्न माझ्या उत्तरातील उणीव नेमकी दाखवतो. पौलाचे उत्तर असे आहे की, प्रतिवादी आहे आणि तो मृत्यू स्वतः आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या त्याच पंधराव्या अध्यायात मृत्यूला ‘शेवटला शत्रू’ म्हटले आहे. ख्रिस्ती माणसे कधी कधी मृत्यूला मित्र, सुटका, घरी जाण्याची वाट असे म्हणतात आणि त्यामागची भावना मला समजते, पण पौल तसे म्हणत नाही. तो त्याला शत्रूच म्हणतो आणि अजून नाहीसा झालेला नाही असे सुचवतो. आपल्याला भावाचे जाणे चुकीचे वाटत असेल, ते तसे व्हायला नको होते असे वाटत असेल, तर त्या भावनेला पवित्र शास्त्राचा पाठिंबा आहे. पुनरुत्थान मानणाऱ्याला मृत्यूशी समेट करण्याची सक्ती नाही.

दुसरी गोष्ट जखमांची. उठलेल्या प्रभूच्या हातांत आणि कुशीत खिळ्यांच्या व भाल्याच्या खुणा होत्या, असे योहान सांगतो. लूकही हातपाय दाखवल्याचे लिहितो. शरीर नवे होते, बंद दारांतून आत येणारे होते, तरीही खुणा पुसल्या गेल्या नाहीत. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, सिंहासनाजवळ उभा असलेला कोकराही, म्हणजे ख्रिस्तही, वधलेल्यासारखा दिसतो. शुक्रवार रद्द झाला असता तर खुणा राहण्याचे कारण नव्हते. मी यावरून एवढेच समजतो की, जे घडले ते घडलेच नव्हते असे भासवून देव काही नवे करीत नाही.

या संदर्भात जर्मन धर्मपंडित युर्गन मोल्टमान यांचे नाव घ्यावेसे वाटते, कारण त्यांचे आशेविषयीचे चिंतन अभ्यासिकेत जन्मलेले नाही. जुलै १९४३ मध्ये हॅम्बर्ग शहरावर प्रचंड बॉम्बहल्ले झाले तेव्हा ते सतरा वर्षांचे होते आणि विमानविरोधी तोफांवर मदतनीस म्हणून नेमलेले होते. शेजारी उभा असलेला मित्र मारला गेला आणि ते वाचले. घरी धर्माचे वातावरण नव्हते. पुढे युद्धकैदी म्हणून ते १९४८ पर्यंत छावण्यांत राहिले. तिथे हातात आलेल्या बायबलात त्यांनी मार्काचे शुभवर्तमान वाचले आणि ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास’ या आक्रोशापाशी आपल्याला समजून घेणारा कोणीतरी भेटला असे त्यांना वाटले. १९६४ साली त्यांनी आशेवर लिहिलेला ग्रंथ जगभर गाजला, पण त्याची सुरुवात रविवारी झाली नव्हती. ती शुक्रवारच्या त्या ओरडण्यापाशी झाली होती. ते २०२४ मध्ये वारले.

मूकवाचक

मी येथे कधी लिहीत नाही, केवळ वाचतो. माझ्या आईची स्मृती गेली पाच वर्षे हळूहळू जात आहे आणि आता ती मला ओळखत नाही. माझे माणूस जिवंत आहे, तरी मी शोकात आहे, त्यामुळे या धाग्यावर लिहिण्याचा मला अधिकार आहे की नाही हे कळत नव्हते.

पौलाच्या त्या पंधराव्या अध्यायात अठ्ठावन्न ओव्या आहेत. कर्णा, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होणारे रूपांतर, ‘मरणा, तुझा विजय कोठे’ अशी मोठमोठी वाक्ये झाल्यावर तो अध्याय शेवटी एका अगदी साध्या ठिकाणी येऊन उतरतो : तुमचे श्रम व्यर्थ नाहीत. आरंभी मला हा शेवट फिका वाटे. आता तीच एक ओवी मी दररोज वापरतो. आईला अंघोळ घालणे, तोच प्रश्न चौदाव्यांदा ऐकणे, तिने ढकलून दिलेला घास पुन्हा भरवणे, यांतील काहीही तिच्या लक्षात राहत नाही आणि रात्रीपर्यंत त्याची कोणतीही खूण उरत नाही. या देहाचे जर पुढे काहीच होणार नसेल, तर हे सारे वाळूवर लिहिण्यासारखे आहे. आत्मा तेवढा उडून जाणार असेल, तर देहाची ही सेवा म्हणजे केवळ कर्तव्य. पण देव याच देहाला उठवणार असेल, तर मी ज्याला टॉवेलाने कोरडे करतो त्याचीच ही गोष्ट आहे.

मग्दालीया मरीयेने उठलेल्या प्रभूला ओळखले नाही. तिला तो माळी वाटला. त्याने नावाने हाक मारल्यावर तिने ओळखले. आई मला आता नावाने हाक मारीत नाही, म्हणून मीच तिला दिवसातून अनेकदा हाक मारतो. यातून काही सिद्ध होते असे नाही.

सायंतारा

मूकवाचक, आपला अधिकार आम्हा सर्वांपेक्षा मोठा आहे.

आपण देहाविषयी लिहिले म्हणून एक शब्द सांगते. दफनभूमीसाठी आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी ‘कोइमेटेरिओन’ हा ग्रीक शब्द वापरला; त्याचा अर्थ निजण्याची जागा. ‘प्रभूमध्ये निद्रिस्त झाले’ असे आपण निधनाच्या बातमीत लिहितो ते याच परंपरेतून आले आहे, आणि लिहून लिहून ते इतके गुळगुळीत झाले आहे की, झोपलेल्याला कोणीतरी उठवायचे असते हे आपल्या ध्यानातही येत नाही. पौल ज्या क्रियापदाने पुनरुत्थान सांगतो त्याचे रूपही तसेच आहे. ‘तो उठला’ यापेक्षा ‘तो उठवला गेलेला आहे’ हा त्याचा जवळचा अर्थ आहे. मृत माणूस स्वतः काहीही करीत नाही. त्याच्याकडून उमेदीची, धीराची, कशाचीच अपेक्षा नसते. थकलेल्या माणसाला ही फार मोठी सवलत आहे, असे मला वाटते.

उंबरठा, यावरूनच आठवले. मंडळीत आपण जो विश्वासांगीकार, म्हणजे आपल्या विश्वासाची ठरलेली घोषणा, म्हणतो, त्यापैकी इ.स. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मूळ ग्रीक पाठात म्हणणाऱ्यांची क्रियापदे अनेकवचनी आहेत : ‘आम्ही विश्वास ठेवतो’. उपासनेत त्याचे ‘मी’ पुढे झाले. आणि मृतांच्या पुनरुत्थानापाशी आल्यावर त्या पाठातले क्रियापदच बदलते. तिथे ‘आम्ही वाट पाहतो’ असा शब्द आहे. एखाद्या रविवारी आपल्याला ते म्हणवले नाही, तर शेजारचे म्हणत असतात, आणि ‘आम्ही’ मध्ये आपण मोजले गेलेले असता. वाट पाहणे मात्र शनिवारीही करता येते. खरे तर ते शनिवारचेच काम आहे.

कोरा_कागद

या शेवटच्या मुद्द्यावर मी काही बोलणार नाही. वाट पाहणारा माणूस चुकीचा असू शकतो, पण तो स्वतःला फसवत असतो असे म्हणता येत नाही. मूकवाचक यांच्या आईला माझे नमस्कार सांगावेत.

उंबरठा

तीन आठवड्यांनी परत येत आहे. मधल्या काळात ईस्टर होऊन गेला.

शनिवारी संध्याकाळी मी भावाच्या कबरेपाशी गेलो. याआधी मी तिथे नेहमी काहीतरी म्हणायला जात असे, एखादे वचन, एखादी प्रार्थना, आणि ते नीट म्हणवले नाही की स्वतःवर रागावून परतत असे. या वेळी काही म्हणायचे नाही असे ठरवूनच गेलो. गवत वाढले होते ते काढले. सुगंधी द्रव्ये घेऊन निघालेल्या त्या स्त्रियांची आठवण झाली. त्यांच्यापाशीही त्या पहाटे एक काम होते आणि कोणताही सिद्धान्त नव्हता. तिथे मी बराच वेळ रडलो. पाहायला कोणी नव्हते, त्यामुळे लगाम खेचणारेही कोणी नव्हते.

दुसऱ्या दिवशी उपासनेत मी पाणपोई यांच्याप्रमाणे शेवटच्या बाकावर बसलो. ‘प्रभू उठला आहे’ असे पाळक म्हणाले आणि मंडळीने ‘तो खरोखर उठला आहे’ असे उत्तर दिले, तेव्हा माझा आवाज फुटला नाही. शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते, त्यांनी ते पुरेशा मोठ्याने म्हटले. पुढे विश्वासांगीकार आला. त्यातली बरीचशी वाक्ये मी नुसती ऐकली. पुनरुत्थानाच्या वाक्यापाशी आमच्या प्रतीत ‘मी वाट पाहतो’ असे छापलेले आहे. ते वाक्य मला म्हणता आले, फक्त मी ते ‘आम्ही’ असे म्हटले, त्यामुळे इतरांच्या तालात बसले नाही आणि त्या गृहस्थांनी वळून माझ्याकडे पाहिले.

मूकवाचक, आपल्या आईची प्रकृती आता कशी आहे, हे सवडीने कळवावे.